मेंदूवाचून काढलेली वाट

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत वावरणारा माणूस हा मोठा विलक्षण प्राणी आहे. त्याला सारे पर्याय ठाऊक असतात, प्रत्येकाची किंमत ठाऊक असते आणि त्यांतून आपल्या हिताचा नेमका पर्याय तो क्षणार्धात उचलतो. हा माणूस वर्षानुवर्षे वर्गात शिकवूनही प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात कधी आलेला नाही. अपुऱ्या माहितीवर आणि तुटपुंज्या भांडवलावर वाट काढणारे जीव मात्र डबक्यातील पाण्याच्या एका थेंबात हवे तेवढे सापडतात.

पॅरामेशियमचेच उदाहरण घेऊ. चपलेच्या तळव्यासारखा आकार, लांबी जेमतेम पाव मिलिमीटर आणि अंगावर हजारो पक्ष्माभिका. त्या वल्ह्यांसारख्या हलवीत हा जीव स्वतःभोवती फिरत सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या कैक पट अंतर काटतो. वाटेत अडथळा आला की पक्ष्माभिका उलट्या हलतात, तो मागे सरतो, किंचित वळतो आणि पुन्हा पुढे निघतो. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ हर्बर्ट स्पेन्सर जेनिंग्ज यांनी १९०६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या हालचालीचे वर्णन बारकाईने केले आहे. त्यातील खरी मेख अशी की, अडथळा कोणत्याही बाजूला असो, पॅरामेशियम आपल्या शरीराच्या एका ठरावीक बाजूकडेच वळतो. साहजिकच पहिला प्रयत्न पुष्कळदा फसतो. मग तो पुन्हा मागे येतो, पुन्हा वळतो. शरीर स्वतःभोवती फिरत असल्यामुळे दर खेपेस नवी दिशा समोर येते आणि त्यांपैकी एखादी मोकळी निघते. अडथळ्याचा आकार काय, तो संपतो कोठे, हे त्याला कळावे लागत नाही.

हे घडते कसे, याचा उलगडा १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून होत गेला. पेशीच्या पुढच्या टोकाला धक्का बसला की पेशीपटलातील सूक्ष्म वाटा उघडून कॅल्शियमचे आयन आत शिरतात आणि पक्ष्माभिकांची दिशा उलटते. धक्का मागून बसला तर पोटॅशियमचे आयन बाहेर पडतात आणि जीव अधिक वेगाने पुढे पळतो. चिंग कुंग या संशोधकाने तर कॅल्शियमची ही वाट बिघडलेले पॅरामेशियम वेगळे काढले. त्यांना मागे सरताच येत नाही. बुद्धिबळातील प्याद्यालाही मागचे घर नसते, म्हणून त्यांचे नाव ‘पॉन’ असे पडले. नामकरणात इतका मार्मिकपणा विज्ञानात क्वचितच आढळतो!

जिवाणूंची कथा याहून निराळी. ते इतके लहान असतात की पाणी त्यांना काकवीपेक्षाही दाट भासावे. पोहणे थांबविल्यावर जिवाणू एका अणूच्या व्यासाइतकेही पुढे घसरत नाही, असा हिशेब एडवर्ड पर्सेल या भौतिकशास्त्रज्ञाने मांडला आहे. हॉवर्ड बर्ग व डग्लस ब्राऊन यांनी १९७२ साली दाखविले की आपल्या आतड्यात राहणारे ई. कोलाय सुमारे सेकंदभर सरळ पोहते, मग क्षणभर कोलांट्या खाते आणि भलत्याच दिशेला लागते. अन्न वाढत असल्याचे जाणवले तर सरळ धाव लांबते, एवढेच. वळण आंधळे असले तरी पुढे जाण्याचा कालावधी आंधळा नाही.

परंतु या साऱ्यांत स्टेंटरचे प्रकरण अधिक बोधप्रद आहे, आणि ते केवळ जीवशास्त्रापुरते नाही. तुतारीच्या आकाराचा हा जीव बुडाशी चिकटून राहतो. जेनिंग्ज यांनी त्याच्या मुखाशी किरमिजी रंगाची भुकटी सोडली. प्रथम तो बाजूला वाकला. उपद्रव चालूच राहिला, तेव्हा पक्ष्माभिका उलट्या हलवून त्याने कण दूर लोटले. त्यानेही भागेना, तेव्हा तो आक्रसून आपल्या नळीत शिरला आणि अखेरीस जागा सोडून पोहत निघून गेला. एकाच उपद्रवावर उपायांची अशी चढती श्रेणी! १९६७ साली इतरांनी हा प्रयोग करून पाहिला, तो जमला नाही आणि जेनिंग्ज यांचे म्हणणे जवळजवळ अडगळीत पडले. वस्तुतः या नव्या प्रयोगासाठी घेतलेली स्टेंटरची जात वेगळी होती. चिकटून बसण्यापेक्षा पोहणेच तिला अधिक मानवते. मूळच्याच जातीवर, प्लास्टिकचे सूक्ष्म मणी वापरून, हार्वर्डमध्ये जेरेमी गुणवर्धना, जोसेफ डेक्स्टर व सुधाकरन प्रभाकरन यांनी प्रयोग केला आणि २०१९ साली जेनिंग्ज यांची श्रेणी पुष्कळ अंशी खरी ठरली. आक्रसावे की निघून जावे हा अखेरचा प्रश्न मात्र नाणे उडवावे तसा, समसमान शक्यतेने सुटतो असे त्यांना आढळले. अर्धशतकाहून अधिक काळ एक खरे निरीक्षण बाजूला पडून राहिले, ते चुकीच्या जातीवर केलेल्या पडताळणीमुळे. पुनर्परीक्षण झाले एवढ्यावर समाधान मानणाऱ्यांनी ते कशाचे झाले हेही विचारावयास हवे होते.

या वर्तनाला ‘निर्णय’ म्हणावे काय? जॅक लोब यांच्या मते असल्या हालचाली म्हणजे बाह्य शक्तींनी यंत्रवत घडविलेला परिणाम. जेनिंग्ज यांना ते मान्य नव्हते. स्टेंटर विचार करतो असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, हे खरे. परंतु ‘नुसते रसायन’ म्हणून हात झटकल्यानेही काही उलगडत नाही, कारण उपायांचा क्रम त्या रसायनातच कोठेतरी साठविलेला असला पाहिजे. याबाबतीत हर्बर्ट सायमन यांचा १९५६ सालचा निबंध अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावा. अन्नाच्या शोधात भटकणारा, थोडेच पुढचे दिसणारा एक काल्पनिक जीव घेऊन त्यांनी दाखविले की सर्वोत्तमाचा हिशेब न करता पुरेसे मिळवूनही उत्तम निभाव लागतो. १९७८ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि तरीही पाठ्यपुस्तकातील तो सर्वज्ञ माणूस जागचा हललेला नाही.

आपल्या परीक्षांतही पॅरामेशियम स्थिरच असतो: आकृती काढा, भागांना नावे द्या. चार दिवस पाण्यात भिजवलेले वाळके गवत, डबक्यातील थोडे पाणी आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील साधे सूक्ष्मदर्शक एवढ्यावर तो हलताना दिसू शकतो. काचपट्टीवर कापसाचे दोन-चार तंतू टाकले की अडथळेही तयार. तो किती वेळा मागे आला आणि कितव्या खेपेस सुटला, हे विद्यार्थ्यांनी मोजावे आणि प्रात्यक्षिकाचे थोडे गुण त्या मोजणीला असावेत, एवढीच सूचना अभ्यासमंडळांपुढे ठेवावीशी वाटते.