डाव्या खिडकीची जागा

सकाळचं तोंड धुणं हे सगळ्यात अवघड काम ठरू शकतं, हे मला वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. पाणी कोमट लागतं. ओंजळीनं मारायचं नाही. जुन्या सुती लुगड्याचा फडका त्यात बुडवायचा, पिळायचा आणि डाव्या गालावर टेकवून दाबून धरायचा. फिरवायचा मात्र नाही. घट्ट दाब चालतो, हलका स्पर्श चालत नाही. गालावरून केस सरकला, पदराची किनार लागली, उघड्या दारातून वाऱ्याची झुळूक आली की नाकपुडीच्या शेजारून वीज निघते आणि वरच्या जबड्यातून कानापर्यंत जाते. पाच सेकंद, कधी दहा. पुन्हा सगळं शांत. त्या शांततेत पुढच्या कळेची वाट बघत बसणं हे कळेहून जास्त थकवतं.

ही उलटी रीत, म्हणजे दाबायचं पण गोंजारायचं नाही, मला कुठल्या डॉक्टरनं सांगितली नाही. काकूंनी सांगितली.

मी कळमनुरी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. २०२२ च्या दिवाळीनंतर दुखणं सुरू झालं ते दातापासून. म्हणजे मला तसं वाटलं, आणि ज्यांच्याकडे गेले त्यांनाही तसंच वाटलं. एक दाढ काढली. दुखणं राहिलंच, म्हणून शेजारची काढली. दोन्ही दाढा चांगल्या होत्या. पुढे कळलं की या आजाराच्या कितीतरी रुग्णांचे दात असेच जातात, कारण जबड्याची जाणीव मेंदूकडे नेणारी नस आणि दाताची नस एकाच खोडाच्या फांद्या. मेंदूतून निघणारी ही पाचवी नस, ट्रायजेमिनल. तिच्या तीन शाखा : एक कपाळ-डोळ्याकडे, एक गाल नि वरच्या जबड्याकडे, एक खालच्या जबड्याकडे. बहुतेकांना दुखतं ते एखादी रक्तवाहिनी या नसेच्या मुळाशी घासल्यामुळे. थोड्यांच्या बाबतीत तिथे गाठ असते. नांदेडला एमआरआय झाला तेव्हा कळलं की मी त्या थोड्यांतली. मेंदूच्या आवरणातून उगवलेली, मेनिन्जिओमा जातीची, कॅन्सर नसलेली गाठ. डॉक्टर म्हणाले, "साधी आहे." गाठ साधी होती, पण बसली होती अशा जागी की तिथून माझं जेवण, बोलणं, झोप, सगळं तिच्या हातात गेलं.

काकू भेटल्या त्या तिथल्याच बाकड्यावर. साठीच्या आसपास, नर्सीकडच्या, कपाळाला बुक्का. चेहऱ्याची उजवी बाजू खाली ओघळलेली, उजव्या डोळ्यावर कागदी पट्टी. मी दोन्ही हातांनी मफलर धरून, मान खाली घालून बसले होते. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "बाई, बोलायलं की दुखायलंय ना? मग बोलू नका. मी विचारते, तुम्ही नुसतं बोट हलवा."

शॉक बसल्यासारखं होतं का? बोट. भाकरी चावताना? बोट. दात घासताना? बोट. रात्री झोपेत येतं का? मी बोट हलवलं नाही. त्यांनी मान डोलावली. "तेवढं तरी सोडतंय बगा." त्यांना स्वतःला हा आजार नव्हता. पण चार वर्षं त्याच ओपीडीच्या बाकड्यांवर बसून त्यांनी इतके चेहरे पाहिले होते की कोण दाताला धरून बसलंय आणि कोण विजेला, हे त्यांना लांबून ओळखू यायचं. दात ठणकतो, तासन्‌तास. ही चमकते आणि जाते. ठणका आणि चमक हे दोन वेगळे शब्द आहेत, डॉक्टरांपुढे बरोबर तो शब्द वापरा, हा त्यांचा पहिला धडा.

काकूंची गाठ ऐकण्याच्या नसेवरची, अकौस्टिक न्यूरोमा. तीही कॅन्सरची नव्हे. सुरुवात झाली ती फोनपासून : उजव्या कानाला लावला की ऐकू येईना, डाव्याला लावला की येई. मग कानात रातकिडे, मग चालताना झोक. ऐकण्याच्या नसेला चिकटून सातवी नस जाते, चेहरा हलवणारी. गाठ वाढली की ती या नसेला ताणून फितीसारखी चपटी करते, आणि सर्जननं कितीही जपलं तरी ऑपरेशननंतर तिचं काम मंदावू शकतं. अमेरिकेतल्या हार्वे कुशिंग या सर्जननं १९१७ साली या गाठींवर अख्खं पुस्तक लिहिलं. तेव्हा जीव वाचवणं हीच मोठी गोष्ट होती. आज जीव बहुतेक वेळा वाचतो, म्हणून चेहऱ्याचं काय, हा प्रश्न उरतो आणि तो घेऊन माणूस गावी परत येतो.

गावात दोन्ही आजारांना एकच नाव, "वारं लागलं." फरक मला काकूंच्या शेजारी बसून कळला. पाचवी नस जाणवून देते, सातवी हलवते. त्यांच्या उजव्या गालाला माशी बसलेली कळते, पण ती उडवायला तो गाल हलत नाही. माझा गाल हलतो, पण तिथे माशी बसणार या विचारानंच माझा जीव जातो.

मला टेग्रिटॉल सुरू झालं. कार्बामाझेपीन हे त्यातलं औषध १९५३ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बनलं, आणि १९६२ मध्ये ब्लॉम नावाच्या डॉक्टरनं चेहऱ्याच्या या कळांवर ते चालतं असं दाखवलं. नेहमीच्या दुखण्याच्या गोळ्या इथे काही करत नाहीत, फिटवरची ही गोळी करते. पण ती आपलीही किंमत घेते. पहिले पंधरा दिवस मी फळ्यावर लिहिलेली ओळ उतरणीला लागायची. भिंत धरून चालायचे. काकूंनी फोनवर चारदा बजावलं : अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, सोडियमचं रक्त तपासायचं सांगितलं तर टाळायचं नाही, आणि बरं वाटलं म्हणून गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. मात्रेबद्दल विचारलं तर मात्र त्यांचं एकच उत्तर, "ते माझं काम न्हाई."

त्यांचं काम काय, हे मी नंतर दोन वर्षं जवळून बघत आले.

ते काम सकाळी सहाला सुरू होतं. आम्ही तेव्हा पाचजण होतो, काकूंनी बाकड्यांवरून गोळा केलेले : कळमनुरी, औंढा, वसमत, सेनगाव असे विखुरलेले. गोळी घेतली की पुढच्याला मिस कॉल द्यायचा. दोन रिंग म्हणजे ठीक. रिंग वाजतच राहिली तर उचलायचा. उचलल्यावर ज्याला बोलता येत नाही त्यानं नखानं फोनवर वाजवायचं, एकदा 'हो', दोनदा 'नाही'. दुसऱ्यानं बोलायचं. बोलायचं म्हणजे धीर द्यायचा असं नव्हे. काकू मला सांगायच्या कायाधूला पाणी किती आहे, हळद शिजवायचा कुकर कुणाच्या शेतावर लागलाय, मोंढ्यात भाव काय फुटला. मी काहीच न बोलता वीस मिनिटं ऐकायची. आजारपणात लोक भेटायला येतात तेव्हा आपल्याला बोलावं लागतं, सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. ज्या बाईला बोलणं हेच दुखणं आहे तिला या भेटींचा किती धाक वाटतो ते मी सांगू शकत नाही. फोनवरच्या त्या नखाच्या आवाजानं मला माणसांत ठेवलं.

मग जेवण. भाकरी सोडवेना, चाववेना. काकूंची रीत : ज्वारीची भाकरी गरम असतानाच येसराच्या आमटीत कुस्करून झाकून ठेवायची, कोमट झाली की छोट्या चमच्यानं उजव्या बाजूनं. फार गरम नाही, फार गार नाही. आंबील स्ट्रॉनं. त्यांची स्वतःची अडचण वेगळीच. हलत नसलेल्या गालात घास साचतो, म्हणून दर चार घासांनी बोटानं गाल बाहेरून दाबून तो आत ढकलायचा, आणि जेवणानंतर चूळ भरताना उजवा ओठ चिमटीत धरायचा, नाहीतर पाणी पदरावर.

सगळ्यात नाजूक काम डोळ्याचं. सातवी नस चालत नसली की पापणी मिटत नाही. डोळा कोरडा पडतो, त्यात धूळ जाते, बुबुळाला जखम होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद वाळवताना आणि ड्रममध्ये पॉलिश करताना जी पिवळी धूळ उडते ती काकूंची वैरीण. दिवसा थेंब, चष्मा, रात्री मलम आणि पट्टी. पट्टी लावताना मी बघितलंय : आधी बोटाच्या पाठीनं पापणी पूर्ण खाली आणायची, आरशात खात्री करायची, मगच वरच्या पापणीवरून गालाच्या हाडाकडे तिरकी पट्टी. डोळा किंचित उघडा राहिला नि पट्टी बुबुळाला लागली तर वाचवायला गेलो तेच खरचटतं. सेनगावच्या एका सुनेला सासूची पट्टी लावायला शिकवताना काकूंनी ती स्वतःच्या डोळ्यावर तीनदा लावून काढली. चौथ्यांदा सुनेला लावायला लावली.

काकू भजनी मंडळातल्या. नर्सीला, नामदेव महाराजांच्या गावी, आषाढीनंतरच्या परतवारीला त्यांचं टाळ वाजवणं ठरलेलं. ऑपरेशननंतर 'विठ्ठल' म्हणता यायचं, 'पांडुरंग' म्हणता येईना. 'प'ला दोन्ही ओठ मिटावे लागतात, उजवीकडून हवा निसटायची. प, फ, ब, भ, म, मी पहिलीच्या पोरांना शिकवते ती ओळ. बोट ओठाच्या कोपऱ्याला लावून त्या रोज आरशापुढे ही ओळ म्हणायच्या. आठ महिन्यांनी 'पांडुरंग' आला. अजून थोडा फुटका आहे, पण येतो.

माझ्या वर्गानंही मला सांभाळलं. हात गालावर गेला की मॉनिटर उठून धडा वाचायला घ्यायची. चौतीस पोरं इतकी गप्प बसलेली मी कधी बघितली नव्हती.

२०२३ च्या पावसाळ्यात मुंबईला ऑपरेशन ठरलं. देवगिरी एक्स्प्रेसनं गेलो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. तिथे खोलीखोलीत टाटा आणि केईएमचे रुग्ण, आणि जिन्यावर बसून कुणीतरी कुणाला फाईल कशी लावायची ते सांगतंय. काकूंच्या जातीची माणसं सगळीकडे आहेत, हे मला तिथे दिसलं. कानामागे छोटं भोक पाडून गाठ काढली. रक्तवाहिनीला घट्ट चिकटलेला तुकडा मुद्दाम ठेवला. शुद्धीवर येताच डॉक्टर म्हणाले, "डोळे घट्ट मिटा. दात दाखवा." मिटले. दाखवले. ते हसले तेव्हा मला कळलं की सातवी नस वाचली. आणि वीज नव्हती. वॉर्डातल्या पंख्याचं वारं सरळ गालावर येत होतं नि काही होत नव्हतं. काकूंना फोन लावला आणि बोलले. त्या काहीच बोलेनात. मग पलीकडून नखाचा आवाज आला, एकदा.

गाल मात्र बधिर झाला. चहा भाजला तरी कळेना, दाताखाली गाल आला तरी कळेना. यासाठीही काकूंकडे कुणाची तरी युक्ती तयार होती : घोट घेण्याआधी पेला उजव्या ओठाला लावून बघायचा.

अशा रुग्णांनी रुग्णांसाठी संस्थाही उभ्या केल्यात. अमेरिकेत काकूंसारखीच गाठ काढलेल्या व्हर्जिनिया फिकेल एर या बाईंनी १९८१ मध्ये अकौस्टिक न्यूरोमाच्या रुग्णांची संघटना काढली. २०११ मध्ये सलमान खाननं आपल्याला ट्रायजेमिनलचा त्रास असल्याचं सांगितलं, तेव्हा हा शब्द वर्तमानपत्रात आला. हिंगोलीला २०२४ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे, मुंबईची जनशताब्दीही त्याच वर्षी इथपर्यंत आली. हे सगळं हवंच होतं, आणखीही हवं आहे. दर एमआरआयला नांदेड गाठणाऱ्यांना जिल्ह्यातच मेंदूचा डॉक्टर बघायला मिळाला पाहिजे. पण पट्टी तिरकी लावायची हे घरी येऊन दाखवणारं माणूस कुठल्या योजनेत बसवायचं, ते मला सुचत नाही.

आमच्यातला औंढ्याकडचा ट्रॅक्टर मेकॅनिक गेल्या वर्षी गेला. त्याची गाठ आमच्यासारखी साधी नव्हती. साखळीत तो माझ्यानंतर होता. तेराव्यानंतर एका सकाळी सहाला माझं बोट सवयीनं त्याच्या नावावर गेलं. दोन रिंगा झाल्या, मी कापला. मिनिटाभरात त्याच नंबरावरून दोन रिंगा परत आल्या. त्याची बायको होती. तेव्हापासून ती साखळीत आहे.

गेल्या थंडीत माझी वीज परतली. पूर्वीइतकी नाही, पण आहे. गोळी पुन्हा सुरू, छोट्या मात्रेत. काकूंच्याही स्कॅनमध्ये काहीतरी उरलेलं दिसतंय, सहा महिन्यांनी पुन्हा बघणार आहेत. म्हणून आता आम्ही नांदेडला एकाच दिवशी जातो. काकू हिंगोलीला एसटीत चढतात आणि डावीकडच्या दोनच्या सीटवर रुमाल टाकतात. मी कळमनुरीला चढते. अर्ध्या तिकिटाचे पैसे आधीच दिलेले असतात, ते परत घ्यायला त्या तयार होत नाहीत.

खिडकीशी त्या बसतात. त्यांची डावी बाजू चांगली, वारं नि धूळ ती सोसते. मी त्यांच्या उजव्या हाताला बसते. माझा डावा गाल त्यांच्या खांद्याच्या आडोशाला, त्यांचा न मिटणारा उजवा डोळा माझ्या मफलरच्या आडोशाला. अडचण एकच. त्यांचा माझ्याकडचा कान बहिरा. मी बोलले तरी त्यांना ऐकू येत नाही, आणि थंडीत मला बोलायचंही नसतं. वारंगा फाट्याला गाडी वळते तेव्हा त्या न बघता माझ्या हातावर नखानं दोनदा वाजवतात आणि थांबतात. दुखत नाही ना, असं विचारणं असतं ते. मी त्यांच्या तळव्यावर खरं असेल ते वाजवते.