जुन्या माउंटन बाइकचं मोल

बंगळुरूत बेलंदूर, व्हाइटफील्ड, एचएसआर लेआउट भागातल्या मोठ्या सोसायट्यांच्या तळघरात धूळ खात पडलेल्या माउंटन बाइक हमखास दिसतात. कुणाची नोकरी बदलली, कुणी परदेशी गेलं, कुणाला वेळच उरला नाही. सायकल विकायची असते, पण 'पन्नास हजारांना घेतली होती' इथेच घोडं अडतं. हा आकडा घेणाऱ्याच्या हिशेबात येतच नाही. तो दोनच गोष्टी पाहतो: तशीच नवी सायकल आज कितीला मिळते, आणि ही जुनी नीट चालती करायला वर किती घालावे लागतील. विकणाऱ्यानंही हाच हिशेब आधी मांडला, तर घासाघीस निम्म्यानं कमी होते.

आजचा भाव

या शहरात जुन्या सायकलींचा बाजार उभा राहिला, कारण नव्या सायकली इथे लवकर आल्या. २००८ साली 'टूर ऑफ निलगिरीज' ही सायकल सहल सुरू झाली. २००९ साली क्रीडासाहित्य विकणाऱ्या डेकॅथलॉननं देशातलं आपलं पहिलं दालन सर्जापूर रोडवर उघडलं. २०२०च्या टाळेबंदीनंतर मागणी इतकी वाढली की सायकली मिळेनाशा झाल्या आणि जुन्यांनाही चढा भाव आला. त्या वेळच्या किमती अजून अनेकांच्या डोक्यात आहेत, त्या काढून टाकाव्यात.

त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे करासह ५०,००० रुपयांची सायकल, मूळ किंमत तीच राहिली तर, ४६,८७५ रुपयांना पडते. नवी स्वस्त झाली की जुनीचा भावही उतरतो. म्हणून आपली जुनी पावती बाजूला ठेवून, त्याच दर्जाच्या नव्या सायकलीची आजची किंमत दुकानात विचारावी. सुरुवात तिथून करावी.

चाक आणि गिअर

माउंटन बाइकचा जन्म १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीच्या डोंगरउतारांवर झाला. तिथल्या पोरांनी जुन्या, जाड टायरच्या सायकली मोडून-जोडून शर्यती लावल्या. त्या सायकलींचं २६ इंची चाक पुढे अनेक वर्षं टिकलं. नंतर २९ इंची आलं, पाठोपाठ साडेसत्तावीस इंची. आणि चांगल्या प्रतीच्या सायकलींतून २६ इंची जवळजवळ हद्दपार झालं. त्याचे साधे टायर-ट्यूब आजही कुठेही मिळतात, पण पुढचं चाक धरणारा, झटके झेलणारा उत्तम फोर्क शोधावा लागतो. त्यामुळे २६ इंची सायकल कितीही जपलेली असली, तरी तिला भाव कमीच येतो.

गिअरचं नावही पाहावं. शिमानोची चढती भाजणी अशी: टूर्नी, अल्टस, असेरा, अलिव्हिओ, डिओर, एसएलएक्स, एक्सटी, एक्सटीआर. डिओर आणि त्यावरचे गिअर असले की जाणकार गिऱ्हाईक थांबतं.

हात लावून पाहा

चेनवर फूटपट्टी ठेवा. एका पिनेच्या मध्यापासून मोजून पुढची चोविसावी पिन नव्या चेनमध्ये बरोबर बारा इंचांवर येते. ती अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, पुढे गेली असेल तर चेन बदलायला झाली. पूर्ण सूत पुढे असेल तर मागच्या दातेरी चकत्यांची कॅसेटही बहुधा झिजलेली असते. नवी चेन तिच्यावर घसरते.

मग फोर्क. त्याच्या चकचकीत नळ्यांवरून नख फिरवा. नख अडकलं तर तो ओरखडा सील कापतो, तेल गळतं. शहराच्या दक्षिणेकडल्या तुरहळ्ळीच्या जंगलवाटांवर फिरलेल्या सायकलीत लाल धूळ सीलमध्ये शिरलेली असते. न वापरता उभ्या ठेवलेल्या सायकलीचे टायर बाजूनं तडकतात आणि फोर्कचे सील कोरडे पडतात. म्हणून 'फारशी चालवलीच नाही' हा दावा आपोआप मोल वाढवत नाही.

शेवटी फ्रेम. हॅण्डलच्या खाली, पेडलच्या जोडावर आणि मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांवर पुसून, उजेडात चीर शोधा. चीर असेल तर ती सायकल म्हणून विकू नये. सुटे भाग म्हणून, तसं सांगून विकावी.

आकडा मांडू या

समजा, तशी नवी सायकल आज ४६,८७५ रुपयांना आहे. आपली चार वर्षांची, पण फ्रेम ठाकठीक. निम्म्यापासून, म्हणजे सुमारे २३,५०० पासून, सुरुवात करू. चेन-कॅसेटचे ३,०००, दोन टायरचे ३,०००, फोर्कच्या दुरुस्तीचे २,५०० धरले तर वजा ८,५००. उरले १५,०००. हीच रास्त किंमत. जाहिरातीत तीच वजाबाकी लिहावी आणि घासाघिशीसाठी हजारभर वर ठेवावेत. दिवे, बाटलीचा स्टँड, महागडं सीट यांचे पैसे वसूल होत नाहीत. मूळ सीट परत बसवून महागडं वेगळं विकावं. फ्रेमचं माप मात्र ठळक लिहावं, कारण उंचीला न बसणारी सायकल फुकट दिली तरी घेणाऱ्याच्या कामाची नाही.

सायकलीला आरटीओची नोंदणी नसते. मालकीचा पुरावा म्हणजे दुकानाची पावती आणि पेडलच्या जोडाखाली कोरलेला फ्रेम क्रमांक. तो क्रमांक घालून विक्रीची चिठ्ठी करावी, दोघांनी सह्या कराव्यात.

पावसाळा सरला की बंगळुरूत सायकलस्वार पुन्हा बाहेर पडतात, विकायला हेच दिवस चांगले. दोन आठवड्यांत कुणी पाहायला आलं नाही, तर भाव उतरवावा. उभ्या सायकलीची किंमत दर महिन्याला घटतच जाते. या शहरातल्या कितीतरी मुलांना नवी माउंटन बाइक परवडत नाही. त्यांच्यापर्यंत चांगली सायकल पोचायची, तर आपल्यापैकी कुणीतरी तिचे दोष उघड सांगून रास्त भावात विकायला हवी. त्यात विकणाऱ्याचं नुकसान नाही, कारण खोट लपवून वाढवलेला भाव पहिल्याच चढावर उघडा पडतो.