साडेआठ कोटी डॉलर तर गेलेच, मग निर्णय कशावर घ्यायचा?

मागच्या महिन्यात आमच्या विभागातल्या एका ज्युनियरनं मला चहाच्या टपरीवर गाठलं. पीएचडीचं दीड वर्ष झालंय, निवडलेल्या डेटातून तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही हे तिला कळून चुकलंय, पण विषय सोडवत नाही. म्हणाली, "दादा, एवढी मेहनत वाया कशी घालवू?"

मी तिला उत्तर दिलं नाही. अमेरिकन फुटबॉलमधली एक गोष्ट सांगितली. तीच आज इथे सविस्तर लिहितोय, कारण संशोधनाची तयारी करताना आपल्याला "बुडीत खर्च" ही कल्पना व्याख्येपुरती माहीत असते. पण आकडे समोर आले की त्यातला नेमका कुठला आकडा बुडीत आणि कुठला अजून आपल्या हातात, हे ओळखता येत नाही. तेच शिकायचंय.

आधी नियम समजून घेऊ

अमेरिकेच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत. १९९४ पासून तिथे सॅलरी कॅप आहे, म्हणजे एका वर्षात खेळाडूंवर किती पैसे मोजले जाऊ शकतात याची मर्यादा. पहिल्या वर्षी ती ३.४६ कोटी डॉलर होती, २०२४ मध्ये २५.५४ कोटी डॉलर झाली. मर्यादा सगळ्यांना सारखी. मालक कितीही श्रीमंत असो, ती ओलांडता येत नाही.

तुम्ही म्हणाल, हे तर आयपीएलच्या पर्ससारखंच झालं. बरंचसं तसंच, पण एक फरक फार महत्त्वाचा आहे. आयपीएलमध्ये लिलावाआधी खेळाडूला सोडलं, की त्याची रक्कम संघाच्या पर्समध्ये परत येते. एनएफएलमध्ये खेळाडू जातो, पण त्याचा आकडा संघाच्या खात्यावर राहू शकतो. त्याला तिथे "डेड मनी" म्हणतात.

हे होतं कसं? करार करताना संघ खेळाडूला मोठी रक्कम एकदम देतो, तो साइनिंग बोनस. पैसे लगेच हातात पडतात, पण कॅपच्या हिशोबात ती रक्कम जास्तीत जास्त पाच वर्षांवर समान वाटता येते. ५ कोटींचा बोनस दिला तर दरवर्षी १ कोटी धरले जातात. त्यामुळे पहिल्या वर्षी कॅपमध्ये जागा उरते आणि संघ आणखी खेळाडू घेऊ शकतो. मात्र खेळाडूला मध्येच सोडलं, तर उरलेल्या वर्षांचे हप्ते एकदम समोर येतात. १ जूननंतरची सुटका म्हणून नोंद केली, तर ते दोन वर्षांत विभागता येतात. रक्कम कमी होत नाही, फक्त लांबते.

म्हणून तिथे हंगाम संपला की खरी परीक्षा सुरू होते. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात प्रत्येक संघ दोन याद्या घेऊन बसतो. कुठल्या जागी माणूस हवाय ही एक, आणि कॅपमध्ये जागा किती आहे ही दुसरी. दोन्ही याद्या क्वचितच जुळतात.

डेन्व्हरची गोष्ट

मार्च २०२२ मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोज या संघानं सिअ‍ॅटलकडून रसेल विल्सन हा क्वार्टरबॅक घेतला. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा खेळ चालवणारा, चेंडू फेकणारा माणूस. संघातली सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात महाग जागा. त्याच्या बदल्यात डेन्व्हरनं तीन खेळाडू दिले, शिवाय ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीच्या दोन, दुसऱ्या फेरीच्या दोन आणि पाचव्या फेरीची एक, अशा निवडीही दिल्या. ड्राफ्ट म्हणजे कॉलेजमधून येणारे नवे खेळाडू क्रमाक्रमानं निवडण्याची पद्धत. तिथे स्वस्तात चांगला खेळाडू मिळतो, त्यामुळे या निवडी सोन्यासारख्या असतात.

सप्टेंबर २०२२ मध्ये, डेन्व्हरसाठी हंगामातला एकही सामना खेळण्याआधी, विल्सनचा करार आणखी पाच वर्षांनी वाढवला गेला. किंमत २४ कोटी डॉलरच्या वर. पहिल्या हंगामात संघ ५ सामने जिंकला आणि १२ हरला. दुसऱ्या वर्षी शॉन पेटन हा नवा प्रशिक्षक आला आणि विल्सनचा खेळ सुधारला. २६ टचडाउन पास, फक्त ८ इंटरसेप्शन. तरीही शेवटच्या दोन सामन्यांत त्याला बाकावर बसवलं, आणि मार्च २०२४ मध्ये डेन्व्हरनं त्याला सोडत असल्याचं जाहीर केलं.

डेड मनी: ८.५ कोटी डॉलर. त्याआधीचा विक्रम अटलांटानं मॅट रायनला दुसऱ्या संघाकडे दिलं तेव्हाचा, ४.०५ कोटींचा होता. हा त्याच्या दुपटीहून जास्त.

आता कागद-पेन घ्या आणि ८.५ कोटी आले कुठून ते मोजा:

- साइनिंग बोनस ५ कोटी. दोन वर्षांचे हप्ते झाले, उरले ३ कोटी.
- २०२३ मध्ये दिलेला दुसरा बोनस २ कोटी. वर्षाला ४० लाख. एक हप्ता झाला, उरले १.६ कोटी.
- २०२४ साठी आधीच हमी दिलेली रक्कम: १.७ कोटी पगार आणि २.२ कोटी बोनस, मिळून ३.९ कोटी.

बेरीज ८.५ कोटी. १ जूनच्या नियमानं ती विभागली गेली: २०२४ मध्ये ५.३ कोटी, २०२५ मध्ये ३.२ कोटी. म्हणजे २०२४ च्या पूर्ण कॅपचा जवळपास पाचवा हिस्सा अशा माणसासाठी, जो संघात नाही.

मग वेडेपणा कोणाचा?

हे ऐकून बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया असते, "एवढं नुकसान सोसून सोडण्यापेक्षा खेळवायचा होता ना." माझ्या ज्युनियरचीही तीच होती. इथेच थांबून विचार करायचा.

ते ८.५ कोटी विल्सनला सोडल्यामुळे खर्च झाले का? नाही. बोनस देऊन झाला होता. २०२४ च्या ३.९ कोटींची हमी देऊन झाली होती. त्याला ठेवलं असतं तरी हे सगळे पैसे आज ना उद्या कॅपमध्ये आलेच असते. दोन्ही वाटांवर जो आकडा सारखाच येतो, त्याचा निर्णयाशी संबंध नाही. बुडीत खर्च तो हाच.

मग दोन वाटांत फरक करणारा आकडा कुठला? करारात एक कलम होतं. मार्च २०२४ मध्ये लीगचं नवं वर्ष सुरू झाल्यावर पाचव्या दिवशी विल्सन संघात असेल, तर त्याच्या २०२५ च्या पगाराची, म्हणजे ३.७ कोटींची, पूर्ण हमी लागू होणार होती. त्या दिवसाआधी सोडलं तर हे ३.७ कोटी वाचणार होते.

म्हणजे डेन्व्हरसमोरचा प्रश्न "८.५ कोटींचं नुकसान सोसायचं का?" असा नव्हताच. तो असा होता: "विल्सनच्या पुढच्या दोन हंगामांसाठी आणखी ३.७ कोटी डॉलर द्यायचे का?" प्रश्न असा मांडला की डोक्यातला गोंधळ निम्मा कमी होतो. उत्तर अजूनही सोपं नाही, माणसागणिक वेगळं येईल. पण निदान योग्य प्रश्नाचं उत्तर आपण शोधत असतो.

पुढे काय झालं, आणि त्यातून काय सिद्ध होत नाही

पैसे अडकलेले, क्वार्टरबॅकची जागा रिकामी, आणि दुसऱ्या फेरीची निवडही हातात नाही, कारण ती पेटनला आणताना न्यू ऑर्लिन्सला दिलेली. डेन्व्हरनं जस्टिन सिमन्स हा बचावातला नावाजलेला खेळाडू सोडून १.४५ कोटींची जागा मोकळी केली. जेरी जूडीला क्लीव्हलँडला दिलं. आणि पहिल्या फेरीत १२ व्या क्रमांकावर बो निक्स हा क्वार्टरबॅक घेतला. त्याचा चार वर्षांचा पूर्ण करार सुमारे १.८६ कोटींचा, विल्सनच्या एका वर्षाच्या हमीच्या निम्म्याहून कमी. त्या हंगामात संघ १० सामने जिंकला आणि २०१५ च्या हंगामानंतर पहिल्यांदाच प्लेऑफमध्ये पोचला.

"बघा, निर्णय बरोबर होता!" असं म्हणायचा मोह होतो. तो आवरा. विल्सनला ठेवलं असतं तर काय झालं असतं, हे आपल्याला कधीच दिसणार नाही. निक्स चांगला निघाला हे निर्णयानंतर कळलं. उद्या तो वाईट निघाला असता, तरी मार्चमधला हिशोब तोच राहिला असता. निकाल चांगला लागणं आणि निर्णय चांगला असणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा सापळा. विल्सनला नंतर पिट्सबर्गनं फक्त १२.१ लाख डॉलरमध्ये घेतलं. म्हणजे बाजारात त्याची किंमत एवढीच होती का? नाही. नव्या संघानं जेवढं दिलं असतं, तेवढं डेन्व्हरच्या देण्यातून वजा होणार होतं. विल्सनला एकूण ३.९ कोटीच मिळणार होते, मग नव्या संघाकडे जास्त मागून फायदा काय? समोर दिसणारी किंमत नियमांमुळे तयार झाली होती. डेटात आकडा दिसला की आधी विचारा: हा आकडा ज्यानं तयार केला, त्याला तो तसा ठेवण्यात काय फायदा होता?

संशोधक हे कसं तपासतात

एका संघाची गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. संघ सर्वसाधारणपणे बुडीत खर्चामागे फरफटत जातात का, हा संशोधनाचा प्रश्न आहे. स्टॉ आणि होआंग यांनी १९९५ मध्ये बास्केटबॉलच्या एनबीएमधला डेटा घेऊन तो तपासला. ड्राफ्टमध्ये वरच्या क्रमांकावर निवडलेल्या खेळाडूंना, त्यांची कामगिरी हिशोबात धरूनही, जास्त वेळ खेळवलं जातं आणि त्यांना जास्त काळ ठेवलं जातं, असं त्यांना आढळलं.

यात खोट कुठे असू शकते? पुढे वाचण्याआधी मिनिटभर विचार करा.

वरचा क्रमांक म्हणजे फक्त जास्त खर्च नाही, ती माहितीसुद्धा आहे. आज हा खेळाडू चाचपडतोय, पण याच्यात दम आहे असं जाणकारांना वाटलं होतं. मग त्याला संधी देत राहणं शहाणपणाचंही असू शकतं. कॅमेरर आणि वेबर यांनी १९९९ मध्ये अशाच शंका घेऊन तोच डेटा पुन्हा तपासला. परिणाम टिकला, पण आधीपेक्षा कमजोर झाला. एका निष्कर्षाची धार थोडी कमी करणं हेही मोठं काम असतं.

मग खर्च आणि माहिती वेगळे कसे करायचे? एक कल्पना देतो, सराव म्हणून तिच्यावर विचार करा. एनएफएलमध्ये २०११ साली नव्या खेळाडूंच्या पगाराचा नियम बदलला. २०१० चा पहिला निवडलेला खेळाडू सॅम ब्रॅडफर्डला ५ कोटींची हमी मिळाली. २०११ चा पहिला खेळाडू कॅम न्यूटनचा पूर्ण करार सुमारे २.२ कोटींचा. क्रमांक तोच, किंमत निम्म्याहून कमी. वरच्या निवडींना जास्त संधी मिळण्यामागे खर्च झालेला पैसा असेल, तर २०११ नंतर ती ओढ कमी व्हायला हवी. माहिती असेल, तर फारसा फरक पडू नये. अर्थात त्याच करारात सरावाचे नियमही बदलले, मग फरक नेमका कशामुळे, हे वेगळं करावं लागेल. ते कसं कराल?

आता तुमचा विषय

मी स्वतः १४ महिने कांद्याच्या रोजच्या बाजारभावांवर घालवले होते. मला ज्या दिवसांची तुलना हवी होती, नेमक्या त्याच दिवसांच्या नोंदी नव्हत्या. हे पहिल्या महिन्यात तपासायला हवं होतं, मी तपासलं नाही. त्यानंतरचे पाच महिने मी फक्त "एवढं केलंय तर" म्हणून ओढले. शेवटी माझ्या गाइड मॅडमनी विचारलं, "हा विषय आज नव्यानं तुझ्यासमोर आला, तर घेशील का?" मी गप्प बसलो. तेच उत्तर होतं.

ज्युनियरला मी एवढंच करायला सांगितलं. कागदावर दोन रकाने आखायचे, "विषय ठेवला तर" आणि "बदलला तर". गेलेलं दीड वर्ष दोन्हीकडे येतं, म्हणून ते दोन्हीकडून खोडायचं. शिकलेलं कोडिंग, वाचलेलं साहित्य, झालेल्या ओळखी दोन्हीकडे कामाला येतात का ते बघायचं. बऱ्याचदा येतात, आणि मग कळतं की वाटलं तेवढं बुडालेलंच नाही. उरलेला फरक किती महिन्यांचा आणि फेलोशिपची किती वर्षं शिल्लक, एवढंच मोजायचं. आणि आपला तो "पाचवा दिवस" कधी आहे हे शोधायचं, म्हणजे ज्या तारखेनंतर आणखी एक वर्ष आपोआप अडकतं. आपल्याकडे ती बहुतेकदा पुढच्या प्रगती अहवालाची असते.

तिनं रकाने भरलेत. निर्णय अजून घेतलेला नाही, तो तिचा आहे. पण परवा भेटली तेव्हा "वाया" हा शब्द एकदाही तिच्या तोंडून आला नाही. "पुढचे अठरा महिने" असं म्हणत होती.