बैलगाडीची परिभाषा
बैलगाडीची परिभाषा : लाकडी बैलगाडीच्या भागांना सुतार, लोहार व शेतकरी यांच्या व्यवहारात रूढ असलेली नावे. अशी नावे कोशांत त्रोटक अर्थाने येतात व प्रदेशपरत्वे बदलतात. त्यामुळे त्यांचे भाषांतर अवघड ठरते. भाषासीमेवर ही अडचण विशेष जाणवते. नांदेड जिल्ह्यातील देगलूर तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्याच्या सीमेस आज तेलंगण व कर्नाटक ही राज्ये भिडतात. साहजिकच मराठी, तेलुगू व कन्नड या भाषा तेथे एकमेकींच्या शेजारी नांदतात.

चाकाच्या मध्यभागी तुंबा असतो. त्यात लोखंडी आवण बसवितात व त्यातून आस जातो. तुंब्यात रोवलेल्या आऱ्यांच्या बाहेरील टोकांवर वक्र पुठे जोडतात आणि पुठ्यांवर धाव, म्हणजे लोखंडी पट्टा, चढवितात. धाव परिघापेक्षा किंचित लहान ठेवून तापवितात. चढविल्यावर पाणी ओतताच ती आकसते व लाकडाचे सर्व सांधे आवळले जातात. चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकास खीळ घालतात. बैलांच्या मानेवर जू असते. त्यातील उभ्या खुंट्यांना शिवळा म्हणतात.

आस, आरा व जू ही नावे अनुक्रमे अक्ष, अर व युग या संस्कृत शब्दांपासून आली. अक्ष व युग यांची सगोत्र रूपे लॅटिनमध्ये ‘अक्सिस’ व ‘युगुम’ अशी असून त्यांपासूनच स्पेनच्या ईशान्येकडील कॅटलन भाषेतील ‘एश’ (आस) व ‘झोउ’ (जू) हे शब्द झाले. परंतु असे व्युत्पत्तीचे साहाय्य सर्वत्र मिळत नाही. तुंबा म्हणजे मुळात भोपळा. आकारसाम्यामुळे ते नाव चाकाच्या गड्ड्यास मिळाले. तेलुगूत ‘आकु’ म्हणजे पान, परंतु चाकाच्या संदर्भात आरा. तेलुगू ‘काडि’ म्हणजे जू. मराठीतील काडीशी त्याचा अर्थसंबंध नाही. कन्नड ‘अच्चु’ हा शब्द आस व साचा या दोन्ही अर्थी येतो. ‘बंडी’ हे मराठीत अंगातील वस्त्र, तर तेलुगूत व मराठीच्या काही बोलींतही गाडी. केवळ शब्द पाहून केलेले भाषांतर अशा ठिकाणी फसते.

यावर उपाय म्हणजे वस्तूपासून शब्दाकडे जाणे. जॉर्ज ग्रीअर्सन यांनी १८८५ मध्ये बिहारच्या ग्रामजीवनावरील ग्रंथात गाड्या व अवजारे यांच्या भागांची स्थानिक नावे चित्रांसह नोंदविली. भद्रिराजू कृष्णमूर्ती यांनी संपादिलेला तेलुगू व्यवसायशब्दांचा शेतीविषयक कोश १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठीत मोल्सवर्थ यांचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) व महाराष्ट्र शब्दकोश (१९३२–३८) यांत असे अनेक शब्द आले आहेत, परंतु शब्दाच्या अर्थावरून भागाचे स्थान व कार्य नेहमीच उलगडत नाही.

रबरी धावांच्या व गोळीधारव्याच्या (बॉलबेअरिंगच्या) गाड्या आल्यावर आवण, पुठे व तापवून चढविलेली धाव यांचे प्रयोजन उरले नाही. वस्तू लोपल्यावर तिचे नाव कोशात राहिले, तरी ते पडताळून पाहण्यास कारागीर मिळत नाही. म्हणून ज्या भागास लक्ष्यभाषेत प्रतिशब्द नसेल, त्याचे मूळ नाव ठेवून स्थान, द्रव्य व कार्य सांगणे आणि सोबत आकृती देणे श्रेयस्कर ठरते.