बस तयार, डेपो कुठे?

शहरातल्या बससाठी विजेची मोटर डिझेल इंजिनापेक्षा मुळातच सोयीची आहे. थांब्याथांब्याला उभ्या राहणाऱ्या जड गाडीला शून्य वेगापासून पूर्ण जोर हवा असतो. मोटर तो देते. ब्रेक लागताना तीच मोटर जनित्र होते आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते. तरीही विजेच्या शेकडो बस वेळापत्रकाप्रमाणे चालवणे अवघड आहे आणि त्या अडचणींचे मूळ बहुतांशी डेपोत सापडते.

बारा मीटर लांबीच्या वातानुकूलित बसला किलोमीटरमागे साधारण सव्वा युनिट वीज लागते. दिवसाच्या 200 किलोमीटरसाठी 250 युनिट झाले. आजच्या लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीत किलोमागे जेमतेम 0.15 युनिट मावते, त्यामुळे एवढ्या विजेसाठी दीड टनाहून अधिक वजन वाहावे लागते. डिझेलची टाकी काही मिनिटांत भरते. हे 250 युनिट 120 किलोवॉटच्या चार्जरवरही भरायला दोन तासांहून जास्त लागतात, कारण बॅटरी भरत आली की तिच्या पेशी जपण्यासाठी प्रवाह कमी करावा लागतो.

आता अशा 200 बस एका डेपोत रात्री सहा तासांत चार्ज करायच्या, तर आठ मेगावॉटहून अधिक वीज लागेल. त्यासाठी उच्चदाबाची जोडणी, ट्रान्सफॉर्मर, अनेकदा स्वतंत्र उपकेंद्र उभारावे लागते. जागाही जास्त लागते: डिझेल बस एकमेकींना खेटून उभ्या करता येतात, इथे प्रत्येकीपर्यंत चार्जरची केबल पोहोचली पाहिजे. दुपारी चार्जिंगसाठी रिकामी बस डेपोत आणली, तर ते अंतर उत्पन्नाविना जाते आणि तिच्या फेऱ्यांसाठी दुसरी बस लागते. बस खरेदीच्या घोषणांमध्ये या कामांचा उल्लेख क्वचितच असतो. बस येण्याआधी पूर्ण व्हायला हवीत ती मात्र हीच कामे.

चार्जिंगच्या वेळेवर एक उत्तर फार पूर्वी सापडले होते. जुलै 1907 मध्ये लंडन इलेक्ट्रोबस कंपनीने व्हिक्टोरिया ते लिव्हरपूल स्ट्रीट या मार्गावर बॅटरीच्या बस सुरू केल्या. शिसे-आम्ल बॅटरीचे वजन दीड टन आणि पल्ला सुमारे 60 किलोमीटर होता. दुपारी बस गॅरेजमधल्या उंचवट्यावर चढे, तळाशी टांगलेली बॅटरी खालच्या गाड्यावर उतरे आणि भरलेली बॅटरी तिच्या जागी बसे. सगळे तीन मिनिटांत! पेट्रोल बसच्या धूर-खडखडाटाला कंटाळलेल्या प्रवाशांना ही बस आवडली. तरी 1910 मध्ये सेवा बंद पडली. कंपनीमागे गुंतवणूकदारांना लुबाडणारी मंडळी होती. तंत्र चालले, पैशाचा व्यवहार बुडाला. विजेच्या बसच्या इतिहासातला हा सर्वांत उपयोगी धडा आज जवळजवळ विसरला गेला आहे.

लंडनमध्ये या बस सुरू झाल्या त्याच वर्षी, मे 1907 मध्ये, मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. तिने बॅटरी वाहिलीच नाही. वीज डोक्यावरच्या तारेतून येई. पुढे 1962 ते 1971 या काळात मुंबईच्या ‘बेस्ट’ उपक्रमाने तारेवरच्या ट्रॉलीबसही चालवल्या. वीजपुरवठा आणि वाहतूक दोन्ही एकाच उपक्रमाकडे असण्याचा हा लाभ होता. बॅटरी आणि तार यांची सांगड घालणाऱ्या ट्रॉलीबस आज झुरिच आणि प्रागमध्ये धावता धावताच तारेवरून चार्ज होतात. भारतीय शहरांच्या गर्दीच्या मार्गांसाठी हा पर्याय गंभीरपणे तपासायला हवा.

पैशाचा प्रश्नही कायम आहे. डिझेल बसपेक्षा कितीतरी महाग असलेली ही बस बहुतेक ठिकाणी कंत्राटदाराची असते आणि परिवहन उपक्रम त्याला किलोमीटरमागे ठरलेला दर देतो. तिकिटांतून तेवढी रक्कम वसूल होत नाही. देयके थकली की बँका पुढच्या बससाठी कर्ज देताना कचरतात. म्हणूनच सप्टेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारने 38 हजारांहून अधिक बससाठी 3,435 कोटी रुपयांची देयक-हमी योजना मंजूर केली. उपक्रमाने पैसे थकवले तर कंत्राटदाराला या निधीतून रक्कम मिळते आणि ती नंतर उपक्रम किंवा राज्याकडून वसूल केली जाते.