पिवळ्या कॉलन्या

पहाटे साडेपाच. रात्रभर खाडीतला प्रत्येक जीव श्वास घेतो आणि प्राणवायू मात्र कोणी तयार करत नाही. म्हणून तो मोजायचा उजाडायच्या आधी. मीटर, बर्फाचा डबा आणि लवंगतेलाची बाटली घेऊन होडीत बसले.

सहा. "रातीक सात गेले," पिंजऱ्यावरून तात्या म्हणाले. "आज कायच खायत नाय, बाय." रायगडातला जिताडा, गोव्याचा चोणक, तोच मासा इथे पिंजऱ्यात आहे. परवाच्या पावसानं क्षारता एकदम उतरली. जाळीवर कालवांचा थर चढलाय, त्यावर घासून मासा सोलवटतो. व्हिब्रिओ हा जीवाणू पाण्यात कायमचा वस्तीला असतो. त्याला एवढी फट पुरते.

तात्यांनी मेलेले सातही काढून ठेवले होते. मला ते नकोत. मेल्यावर अंगात कोणताही जीवाणू घुसतो, मग मारेकरी कोण ते कळत नाही. मला हवा मरायला टेकलेला: काठाशी येऊन आडवा पोहणारा, डोळा सुजलेला, पंखांच्या मुळाशी लाल. असे तीन मिळाले. लवंगतेलाच्या पाण्यात निजवले, पोट उघडलं, कण्याखालच्या लालकाळ्या मूत्रपिंडात लूप बुडवून प्लेटवर रेघा ओढल्या. जिताड्याच्या कल्ल्याची कड वस्तऱ्यासारखी असते. हातमोजा फाटला, बोटही.

सात. पिंजऱ्याबाहेर सांडलेल्या खाद्यावर बोयटं जमलेली. त्यांतली दोन पागून घेतली. वरून एकदम ठणठणीत. खुल्या पाण्यात आजारी मासा सहसा दिसतच नाही. जरा मागे पडला की कोणाच्या तरी पोटात जातो. पिंजऱ्यात खाणारा कोणी नसतो, म्हणून रोग दिसतो. सगळे म्हणतात, पिंजऱ्यानंच रोग आणला. मला तेवढी खात्री नाही. बाल्टिकमधल्या रानटी वामांतल्या अशाच जीवाणूला 1909 मध्ये व्हिब्रिओ अँग्विलारम हे नाव मिळालं, तेव्हा कुठले पिंजरे!

अकरा. प्रयोगशाळा. कालच्या शेजारच्या पिंजऱ्यातल्या प्लेटा इनक्युबेटरमधून काढल्या. टीसीबीएस या हिरव्या माध्यमावर पिवळ्याधमक कॉलन्या. साखर खाऊन आम्ल करणारा व्हिब्रिओ, इतकंच यावरून कळतं; जात ठरायला पुढच्या चाचण्या लागतील. त्यातली एकच कॉलनी उचलून प्रतिजैविकांच्या चकत्यांची प्लेट लावली. निकाल उद्या.

दुपार डबे, फोन आणि नोंदींत गेली.

चार. तात्यांचा फोन. "औषध सांगा, उद्यापर्यंत किती जातील?" औषध खाद्यातून जातं, आणि आजारी मासा खातच नाही. खातो तो धडधाकट. फुकट औषध त्याच्या पोटात आणि उरलेलं खाडीत. कुठल्याशा दुकानदारानं बिनलेबलची पुडी देऊ केली होती. ती घेऊ नका म्हटलं. क्लोरॅम्फेनिकॉल निघालं तर मालच नापास. आज खाद्य बंद, मेलेले दिवसातून तीनदा काढायचे, चुना घालून पुरायचे, जाळी बदलायची, दाटी कमी करायची. तात्या गप्प. दाटी कमी करायला दुसरा पिंजरा कुठे आहे त्यांच्याकडे?

नॉर्वेत 1987 साली सामनसाठी सुमारे 50 टन प्रतिजैविकं लागली. लशी आल्यावर, माल कितीतरी पट वाढूनही, ती 1 टनाच्या खाली आली. तिथे प्रत्येक पिल्लाला पोटात सुई टोचतात. हे तात्यांना सांगायचं ओठांवर आलं होतं. गिळलं.

साडेसहा. बोट परत धुतलं. मायकोबॅक्टेरियम मरिनम अशाच कापातून शिरतो आणि गाठ यायला आठवडे घेतो. तारीख डायरीत लिहून ठेवली. बोयटांच्या प्लेटा इनक्युबेटरमध्ये, सगळ्यात वरच्या कप्प्यात. उद्या साडेपाचला परत पिंजऱ्यावर.