पाणी किती पायऱ्या चढेल?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, आषाढ-श्रावणात आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या माणसाच्या कानावर एक निवेदन हमखास पडते. निम्न वर्धा धरणाच्या एकतीसपैकी इतके दरवाजे इतक्या सेंटिमीटरने उघडले आहेत, नदीपात्रात इतके घनमीटर प्रतिसेकंद पाणी सोडले जात आहे, तरी नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. या निवेदनात खोटे काही नसते. ते वेळेवरही असते. पण पुलगावात नदीच्या अंगाला राहणाऱ्या बाईला त्यातून काय कळते? तिचा प्रश्न साधा असतो. पाणी माझ्या ओट्याच्या किती पायऱ्या चढेल, आणि केव्हा? या प्रश्नाचे उत्तर त्या निवेदनात नसते. नैसर्गिक आपत्ती आणि शहरांची तयारी या विषयावर मला जे बोलायचे आहे, ते या दोन वाक्यांमधल्या अंतराबद्दल आहे.

आधी तो घनमीटर समजून घेऊ. एक घनमीटर म्हणजे एक हजार लिटर. उन्हाळ्यात आपल्या गल्लीत येणारा मोठा टँकर साधारण दहा हजार लिटरचा धरला, तर एक हजार घनमीटर प्रतिसेकंद याचा अर्थ दर सेकंदाला असे शंभर टँकर नदीत रिकामे होणे. आकडा असा सांगितला की अंगावर काटा येतो. तरीही पायऱ्यांचे उत्तर मिळत नाही. कारण तेवढेच पाणी रुंद पात्रातून मुकाट निघून जाते आणि अरुंद, गाळाने भरलेल्या, भरणी टाकून आवळलेल्या पात्रात काठावर चढते. पाऊस निसर्गाचा असतो. पाऊस आणि आपले घर यांच्यामध्ये जे असते, म्हणजे पात्र, नाला, पूल, भिंत, जोते, रस्ता, ते सगळे बव्हंशी माणसाने केलेले असते. संकट निसर्ग पाठवतो, त्याची आपत्ती व्हायची की नाही हे पुष्कळसे या मधल्या गोष्टींवर ठरते.

दुसरी गोष्ट वेळेची. प्रत्येक संकट आपल्याला काही मुदत देते. ती सारखी नसते. भूकंप मुदत देतच नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची जमीन हलली तेव्हा गणपती बोळवून लोक गाढ झोपेत होते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदे त्यांच्या अंगावर आली. सुमारे दहा हजार माणसे गेली. तिथे इशाऱ्याला वावच नव्हता. तयारी असायला हवी होती ती भिंतीतच. शहरातला नाला फुगतो तेव्हा तास-दोन तास मिळतात. मोठ्या नदीचा पूर अर्धा दिवस, कधी पूर्ण दिवस देतो. वादळ आणि उन्हाची लाट तर दोन-चार दिवस आधी सांगून येतात. तयारी म्हणजे ही मुदत कामी लावणे. आणि मुदत सर्वांत जास्त कुठे वाया जाते, तर न समजलेल्या इशाऱ्यात.

आपली वर्धा नदी उगम पावते मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईजवळ, सातपुड्यात. तिथे कोसळलेला पाऊस काही तासांनी खाली येतो. म्हणजे आपल्या डोक्यावर ऊन असताना नदी भरू शकते. आभाळ पाहून पुराचा अंदाज बांधणारी आपली जुनी सवय इथे दगा देते. ३० जुलै १९९१ रोजी याच नदीने नागपूर जिल्ह्यातल्या नरखेड तालुक्यातले मोवाड उद्ध्वस्त केले. २०४ माणसे गेली. मोवाड हे काही आडरानातले खेडे नव्हते, नगरपालिकेचे गाव होते. पुढे ते नव्या जागी वसवावे लागले. वर्धेच्या काठी राहणाऱ्या प्रत्येकाने हे नाव लक्षात ठेवले पाहिजे.

नदीचा आणखी एक स्वभाव आहे. धाम, वेणा, यशोदा या नद्या आपल्या जिल्ह्याचे पाणी शेवटी वर्धेकडेच नेतात. पण मुख्य नदी तुडुंब असली की तिला मिळायला आलेल्या नदीचे पाणी तोंडाशीच अडते आणि मागे फुगत जाते. लहान नदीच्या काठचे लोक म्हणतात, आमच्याकडे तर एवढा पाऊस नव्हता! पाऊस नव्हता हे खरे, पण पाण्याला जायला वाटही नव्हती. त्यात आपली काळी माती. सुरुवातीचा पाऊस ती भेगांतून गटागटा पिते, पण एकदा फुगली, भेगा मिटल्या, की पुढचा पाऊस तिच्यावरून सरळ वाहू लागतो. म्हणून जूनमधले शंभर मिलिमीटर आणि भिजलेल्या जमिनीवरचे जुलैअखेरचे शंभर मिलिमीटर यांत मोठा फरक आहे. २०२२ च्या जुलैत हिंगणघाटच्या नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, माणसे हलवावी लागली, तेव्हा आधीच्या पावसाने जमीन भिजलेलीच होती.

शहरात तर मातीच उरत नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला की नऊ हजार लिटरच्या वर पाणी एका घराच्या पन्हाळीतून रस्त्यावर येते. असे प्रत्येक घर, प्रत्येक डांबरी रस्ता, प्रत्येक फरशीचे अंगण आपापला टँकर नाल्यात ओतत असते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या हजारो घरांत पाणी गेले. लोक अंथरुणात होते. आणि पाऊस शहरभर सारखा पडतो असेही नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, त्याच दिवशी कुलाब्याला अवघा ७३ च्या आसपास. म्हणून 'शहरात अतिवृष्टीची शक्यता' एवढ्यावर कोणत्या मोहल्ल्याने काय करायचे ते ठरत नाही.

शब्दांनी होणारी फसगत पाहायची तर 'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' हा शब्दप्रयोग पाहा. पाटबंधारे खाते नदीकाठी दोन रेषा आखते. साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत वस्ती नको, निळी आणि लाल यांच्या मधे बांधकाम जपून, असा त्याचा अर्थ. पण ऐकणारा समजतो, एकदा येऊन गेला ना, आता शंभर वर्षे निवांत! तसे नाही. त्याचा अर्थ एवढाच की दर वर्षी असा पूर येण्याची शक्यता शंभरात एक आहे, आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा तेवढीच आहे. हिशेब मांडला तर लाल रेषेवरच्या घरात तीस वर्षे राहणाऱ्याच्या वाट्याला असा पूर येण्याची शक्यता चारात एक निघते. निळ्या रेषेवर पंचवीस वर्षे राहणाऱ्याच्या बाबतीत ती निम्म्याहून बरीच अधिक, शंभरात चौसष्ट. घरासाठी वीस वर्षांचे कर्ज काढणाऱ्या माणसाला हे प्लॉट घेतानाच सांगायला नको काय?

मग चांगला इशारा असतो तरी कसा? त्यासाठी सांगलीकडे पाहू. कृष्णेवरचा आयर्विन पूल हा त्या शहराचा मापदंड आहे. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी. तिथे पावसाळ्यात चहाच्या टपरीवरही 'आयर्विनला किती?' असे विचारतात, आणि इतक्या फुटांना आपल्या गल्लीत पाणी येते हे जुन्या रहिवाशांना पाठ असते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याचे तेच, तिथे ३९ आणि ४३ फूट. धरणाचा आकडा घराच्या पायरीपर्यंत आणून पोचवायचा तो असा. पण याच सांगलीने दुसरा धडाही दिला. २००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती. त्यापुढे पाणी जाणार नाही या भरवशावर अनेकजण २०१९ च्या ऑगस्टमध्ये घरातच थांबले, आणि या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. खूण हवीच, पण तिच्या वरही पाणी चढू शकते हे खुणेशेजारीच लिहिलेले असावे.

इशारा समजला तरी तो पाळता आला पाहिजे. ओडिशात १९९९ च्या ऑक्टोबरातल्या चक्रीवादळाने सुमारे दहा हजार बळी घेतले. २०१३ मध्ये त्याच किनाऱ्यावर फायलिन नावाचे तीव्र वादळ आले, तेव्हा दहा लाखांच्या आसपास माणसे आधीच हलवली गेली आणि मृतांची संख्या काही डझनांपुरती राहिली. मधल्या काळात वारे काही मवाळ झाले नव्हते. निवारे बांधले गेले, गावोगाव स्वयंसेवक तयार झाले, आणि कोणी कोणाला घेऊन कुठे जायचे हे आधी ठरले. नूह पैगंबरांची कथा आपण ऐकली आहे, मनू आणि माशाची कथाही ऐकली आहे. दोन्हींत इशारा पाण्याच्या आधी येतो आणि नाव कोरड्या जमिनीवर बांधली जाते. नूहना तर लोक हसले होते. कोरड्या दिवसांत पुराची तयारी करणाऱ्याला लोक आजही हसतात.

मोठ्या शहरांपाशी पैसा आहे, यंत्रणा आहे. माझा जीव गुंततो तो हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, देवळी अशा आपल्या लहान शहरांत. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण दिले. पण जिल्ह्याचा आराखडा वॉर्डापर्यंत उतरवायचे काम नगरपालिकेचे आणि आपले. त्याला फार पैसा लागत नाही. नदीकाठच्या विजेच्या खांबांवर आणि शाळांच्या भिंतींवर मागच्या पुरांच्या खुणा वर्षासह रंगवाव्यात. पुलावर फुटांची पट्टी ठळक काढावी आणि कितव्या फुटाला कोणत्या वस्तीने निघायचे त्याचा तक्ता रेशन दुकानात लावावा. नाल्यातला गाळ उपसून काठावरच ठेवला तर पहिल्या सरीला तो पुन्हा आत जातो, तेव्हा तो उचलून न्यावा. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले म्हातारे आहेत, दिवस भरलेली बाई आहे, ऐकू न येणारा कोणी आहे, याची यादी आशाताईंपाशी बहुधा डोक्यात असतेच, ती कागदावर यावी. बाया घर सोडत नाहीत त्या हट्टाने नव्हे. शेळीचे काय, कोठीतल्या धान्याचे काय, निवाऱ्यात आडोसा आणि संडास आहे का, हे त्यांचे प्रश्न असतात. त्यांची उत्तरे इशाऱ्याबरोबरच द्यावी लागतात.

उन्हाचेही असेच आहे. आपल्याकडे पारा ४५ च्या पलीकडे जाणे नवीन नाही, म्हणून त्याला आपण आपत्ती मानत नाही. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात एरवीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू जास्त झाले, हे नंतरच्या अभ्यासात दिसले. २०१३ पासून त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा केला. किती अंशांना कोणता रंग, त्या रंगाला दवाखान्याने काय करायचे, बागा कधी उघड्या ठेवायच्या, पाणी कुठे ठेवायचे, हे आधी ठरवले. इथेही अंश आणि घर यांच्यातले अंतर तोडले, एवढेच.

मी कवितेचा माणूस, शब्द तोलायची सवय आहे. 'सतर्क राहावे' या शब्दांत क्रिया कोणती आहे, ते मला आजवर सापडलेले नाही. बसायचे, बांधायचे की निघायचे? त्याऐवजी असे निवेदन करून पाहा. 'आज रात्री दहापर्यंत नदीचे पाणी पुलाच्या पट्टीवर अमुक फुटांना पोचेल. मारुतीच्या देवळाखालच्या आणि मशिदीमागच्या गल्लीतल्या लोकांनी दिवेलागणीच्या आत जेवणे उरकून नगरपालिकेच्या शाळेत जावे. गुरे आणि शेळ्या सोडून द्याव्यात. औषधे, रेशनकार्ड आणि आधार पिशवीत घ्यावे. पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नये.' हेच देवळाच्या कर्ण्यावरून, मशिदीच्या भोंग्यावरून आणि दवंडी पिटून सांगितले, तर मोबाइल नसलेल्या घरालाही कळेल.

असे निवेदन ऐन वेळी सुचत नाही. त्यासाठी कोणत्या फुटाला कोणती गल्ली, हे आधी माहीत असावे लागते. तेव्हा श्रोतेहो, या आठवड्यात एक काम करा. घरातल्या किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसाला विचारा, आजवरचे सर्वांत मोठे पाणी कुठपर्यंत आले होते? त्या जागी खडूने खूण करा, वर्ष लिहा आणि तिथून आपल्या ओट्यापर्यंतच्या पायऱ्या मोजा. मग तो कागद घेऊन नगरपालिकेत जा.